फुंकायची टेस्ट नॉर्मल, सीटी नॉर्मल, मग दम का लागतो?

मागच्या अंकात लॉन्ग कोविडवर, म्हणजे कोविड बरा होऊनही मागे उरणाऱ्या त्रासावर लिहिताना मी एका वाक्यात झेनॉन एमआरआयचं नाव घेतलं होतं, म्हणजे ब्रिटनमध्ये काही पेशंटना श्वासातून झेनॉन गॅस देऊन फुफ्फुसाचा एमआरआय काढला आणि सीटीत न दिसलेला बिघाड त्यात दिसला, एवढंच. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की हा महिना त्याच्यासाठीच. नावं गाळलीत, पत्रं थोडी कापलीत. आणि नेहमीचंच, इथलं वाचून कुणी आपलं औषध बंद किंवा चालू करू नका.

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. मी ठाण्याची, वय ४१, शाळेत शिकवते. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड झाला, अ‍ॅडमिट व्हावं लागलं नाही, घरीच बरी झाले. पण तेव्हापासून दोन जिने चढले की थांबावं लागतं, वर्गात सलग बोलताना वाक्य मध्येच तुटतं. सीटी केला, नॉर्मल. फुंकायची टेस्ट केली, नॉर्मल. आता घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत. तो गॅसवाला एमआरआय नक्की काय दाखवतो आणि मी तो कुठे करू?

उत्तर: मनाचे खेळ वगैरे आधी बाजूला ठेवा. दोन टेस्ट नॉर्मल आल्या म्हणजे त्या दोन टेस्टना जे दिसतं ते नॉर्मल आहे, एवढाच त्याचा अर्थ.

फुंकायची टेस्ट, म्हणजे स्पायरोमेट्री, दोन्ही फुफ्फुसांचा मिळून एकच हिशोब देते. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली. समजा डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या कोपऱ्यात हवा नीट जातच नाहीये आणि बाकीचं फुफ्फुस ते भरून काढतंय, तर आकडा छान येणार. दोन मिलिमीटरपेक्षा बारीक श्वासनळ्यांत बराच बिघाड झाला तरी या टेस्टला पत्ता लागत नाही, छातीचे डॉक्टर त्या भागाला सायलेंट झोन म्हणतात ते उगाच नाही. सीटीचं वेगळं. तो रचना फार सुंदर दाखवतो, कुठे जाळी झालीये, कुठे फुगे झालेत, पण हवेतला ऑक्सिजन प्रत्यक्ष रक्तात उतरतोय की नाही हे त्याला दिसत नाही.

मग साधा एमआरआय का नाही काढत? कारण साधा एमआरआय शरीरातल्या पाण्याच्या, म्हणजे हायड्रोजनच्या सिग्नलवर चालतो आणि फुफ्फुसात पाणी कमी नि हवा जास्त. त्यात वायुकोशांच्या लाखो-कोटी भिंतींमुळे तिथलं चुंबकीय क्षेत्र इतकं विस्कटतं की जो थोडा सिग्नल येतो तोही एक-दोन मिलिसेकंदात विरून जातो. मेंदूचा, गुडघ्याचा एमआरआय बघितलेल्या माणसाला फुफ्फुसाचा एमआरआय दाखवला तर तो म्हणेल इथे काहीच नाहीये, काळा खड्डा आहे.

म्हणून उलटा विचार झाला, की हवाच अशी द्या जी स्वतः सिग्नल देईल. झेनॉन-१२९ हा त्यासाठीचा गॅस. रेडिओअ‍ॅक्टिव्ह नाही, स्थिर आहे, आपण रोज श्वासात घेतो त्या हवेतही असतो, फक्त नगण्य. अडचण अशी की गॅस विरळ असतो आणि नेहमीच्या १.५ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनमध्ये झेनॉनच्या दहा लाख केंद्रकांमागे जेमतेम एक-दोन केंद्रकांचाच सिग्नल हाताला लागतो, बाकीचे एकमेकांना खोडून टाकतात. तर गॅस पेशंटला द्यायच्या आधी बाहेरच त्याच्यावर काम करतात. रुबिडियम नावाच्या धातूची वाफ करतात, तिच्यावर साधारण ७९५ नॅनोमीटरचा लेझर टाकतात, रुबिडियमचे इलेक्ट्रॉन एका दिशेला वळतात आणि झेनॉनच्या अणूंशी टकरा होता होता ती दिशा झेनॉनच्या केंद्रकांना देतात. (याच्या मुळाशी असलेल्या ऑप्टिकल पंपिंगसाठी आल्फ्रेड कास्लर यांना १९६६ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं, तेव्हा कुणाच्या डोक्यात फुफ्फुसं नव्हती.) मग रुबिडियम मागे ठेवून झेनॉन लिक्विड नायट्रोजनच्या थंडीत गोठवून जमा करतात, परत गॅस करून पिशवीत भरतात. दहा लाखांत एक-दोन होते ते आता शंभरात दहा, वीस, चांगल्या मशीनवर त्याहूनही जास्त होतात. याला हायपरपोलराइझ्ड झेनॉन म्हणतात आणि तो टिकत नाही, पिशवीत काही काळ तग धरतो पण फुफ्फुसात ऑक्सिजन भेटला की काही सेकंदांतच त्याची ताकद उतरायला लागते. पिशवी भरली की पेशंट तयार हवा.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. पेशंट पिशवीतला गॅस ओढून घेतो, दहा-पंधरा सेकंद श्वास धरतो, तेवढ्यात फोटो. जिथे गॅस पोचला ते उजळ, नाही पोचला ते काळं. ही झाली पहिली पायरी, हवा कुठे जाते. पण मला स्वतःला खरी कमाल दुसऱ्या पायरीची वाटते. झेनॉन विरघळतो. वायुकोशातून तो पातळ पडद्यात शिरतो आणि तिथून रक्तातल्या तांबड्या पेशींत, म्हणजे ऑक्सिजनचाच रस्ता. एका वेळी विरघळलेला भाग एक-दोन टक्केच असतो, पण प्रत्येक ठिकाणी त्याची फ्रीक्वेन्सी थोडी बदलते, रेडिओवर जवळजवळची तीन स्टेशनं वेगवेगळ्या आकड्यांवर लागतात तसं गॅसमधला झेनॉन, पडद्यातला झेनॉन आणि तांबड्या पेशींतला झेनॉन वेगवेगळा ऐकू येतो. त्यामुळे पडद्यापर्यंत पोचला पण रक्तात उतरला नाही, हे कळतं, आणि फुफ्फुसाच्या कुठल्या भागात ते घडतंय तेही कळतं. फुंकायच्या टेस्टसोबत डीएलसीओ नावाची जी टेस्ट करतात ती हेच विचारते पण उत्तर पुन्हा दोन्ही फुफ्फुसांचं मिळून एका आकड्यात देते.

ऑक्सफर्ड आणि शेफिल्डच्या गटांनी २०२१ आणि २०२२ मध्ये कोविडनंतरच्या पेशंटवर हे करून बघितलं. २०२२ च्या कामात तुमच्यासारखे, हॉस्पिटलमध्ये कधीच अ‍ॅडमिट न झालेले पण दम लागणारे लोकही होते, सीटी नॉर्मल किंवा जवळपास नॉर्मल, आणि तरीही झेनॉन पडद्यातून रक्तात कमी उतरताना दिसला. पण हेही सांगायला हवं की निरोगी लोक धरून त्यात एकूण ३६ जण होते. छोटं काम. बिघाड दिसला म्हणजे दम त्याच्यामुळेच लागतो हे सिद्ध झालं असं नाही, आणि दिसलेल्या बिघाडावर देण्यासारखं वेगळं औषधही त्यातून निघालेलं नाही.

म्हणून कुठे करू याचं उत्तर, आपल्याकडे ही रोजच्या प्रॅक्टिसमधली टेस्ट नाही आणि तुम्ही तिच्यामागे लागावं असं मला वाटतही नाही. तुम्ही लिहिलेल्या यादीत डीएलसीओ नाहीये, तो झाला नसेल तर करा, फुफ्फुसाच्या टेस्ट करणाऱ्या मोठ्या पीएफटी लॅबमध्ये होतो. सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन बघायची टेस्ट करा. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि एक टूडी इको. ४१ व्या वर्षी जिन्यावर धाप लागणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन नऊच्या घरात असतं आणि त्यांचे दोन-दोन सीटी होऊन गेलेले असतात, याचा मला मनापासून वैताग आहे.

प्रश्न: आम्ही ओहायोत राहतो, मूळचे सोलापूरचे. आमचा मुलगा १३ वर्षांचा, त्याला सिस्टिक फायब्रोसिस (सीएफ, कफ चिकट होण्याचा जन्मजात आजार) आहे, नवीन गोळ्यांनी तब्येत खूप सुधारलीये. इथल्या डॉक्टरांनी झेनॉन एमआरआय सुचवलाय. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या घाबरल्या, म्हणाल्या पोराला कसला गॅस देताय, भूल देतात तो का? आता मलाही धाकधूक वाटतेय. सुरक्षित आहे ना?

उत्तर: सासूबाईंचं अगदीच चुकीचं नाही बरं का! झेनॉन भूल देण्यासाठी खरंच वापरला गेलाय, १९५१ पासून. पण भूल चढायला श्वासातल्या हवेत साठ-सत्तर टक्के झेनॉन बराच वेळ द्यावा लागतो, इथे एकच श्वास, तोही नायट्रोजन मिसळून. त्यामुळे काहींना थोडं गरगरल्यासारखं होतं, घसा दुखतो किंवा डोकं दुखतं, आणि ते लवकर उतरतं. लक्ष ठेवायची गोष्ट दुसरीच आहे. त्या श्वासात ऑक्सिजन नसतो, म्हणून श्वास धरलेला असताना बोटावरच्या मशीनमधला आकडा थोडा वेळ खाली येऊ शकतो, टीम त्यावर नजर ठेवून असते आणि ऑक्सिजन शेजारी तयार असतो.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, झेनोव्ह्यू या नावाने या गॅसला २०२२ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी दिली, आणि तेव्हाच ती १२ वर्षं आणि पुढच्यांसाठी होती, म्हणजे तुमचा मुलगा त्यात बसतो. मंजुरी आहे ती फक्त हवा कुठे पोचते हे बघायला. वर ठाण्याच्या बाईंना सांगितलेला तो रक्तात उतरण्याचा भाग त्या मंजुरीत नव्हता, त्यामुळे हॉस्पिटल तेही करणार असेल तर ते रिसर्चमध्ये धरलेलं आहे का आणि त्याचा वेगळा संमतीचा फॉर्म आहे का ते विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

तुमच्या मुलाच्या बाबतीत मला ही टेस्ट पटते, आणि कारण साधं आहे. सीएफच्या मुलांमध्ये चिकट कफाने काही नळ्या बुजलेल्या असतात पण फुंकायच्या टेस्टचा आकडा बऱ्याचदा शंभर टक्क्यांच्या आसपास असतो, विशेषतः नवीन गोळ्या सुरू झाल्यापासून. मग फुफ्फुस खरंच मोकळं झालंय की अजून काही कोपरे बंद आहेत हे आकड्यावरून कळत नाही आणि दर वेळी सीटी काढायचा तर या मुलांना आयुष्यभर फॉलोअप असतो, रेडिएशन साठत जातं. झेनॉनमध्ये रेडिएशन शून्य, दर वर्षी केला तरी चालतो. घरी पंधरा सेकंद श्वास धरायची प्रॅक्टिस करून घ्या, आधी साध्या हवेच्या पिशवीवर तिथेही करून घेतात. छातीभोवती जॅकेटसारखी कॉइल बांधतात, ती घट्ट वाटली तर त्याने लगेच सांगायचं. सासूबाईंना सांगा, फुगा फुगवायच्या ऐवजी ओढायचा, एवढंच काम आहे त्याचं.

प्रश्न: पुण्याहून लिहितोय. १२ वर्षं दमा. दोन पंप चालू, तरी वर्षातून तीनदा स्टेरॉइडच्या गोळ्या लागतात. दम्यात फुफ्फुस सगळीकडे सारखंच आवळतं ना, मग चित्र काढून वेगळं काय कळणार?

उत्तर: सारखं नाही आवळत, आणि ही गोष्ट ठळकपणे दिसली ती याच चित्रांमुळे. दमेकऱ्याच्या गॅस एमआरआयमध्ये ठिगळं दिसतात, इथे उजळ, तिथे पूर्ण काळं, आणि कितीतरी पेशंटमध्ये महिन्यांनी, वर्षांनी परत बघितलं तरी काळे भाग त्याच जागी. कॅनडातल्या लंडन, ओंटारियो इथल्या ग्रेस परागा यांच्या गटाने यावर खूप काम केलंय. काळा भाग एकूण फुफ्फुसाच्या किती टक्के हे मोजतात आणि पंप देऊन परत मोजतात. जे पंपाने उघडलं ते आवळलेलं होतं, जे उघडलं नाही तिथे बहुतेक कफाचे बूच बसलेले असतात किंवा सूज असते. अशा इओसिनोफिलवाल्या (दम्याच्या सुजेत वाढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), कफाचे बूच असलेल्या पेशंटना या पेशी कमी करणाऱ्या बेनरालिझुमॅबचं एक इंजेक्शन दिल्यावर २८ दिवसांत काळा भाग कमी झालेला त्यांनी दाखवलाय.

तुमच्यासाठी यातून घ्यायचं काय? रक्तातले इओसिनोफिल मोजून घ्या, साध्या सीबीसीत येतात, फक्त स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना नको, तेव्हा ते खोटे कमी दिसतात. आणि त्याच्याही आधी तुमच्या डॉक्टरांसमोर पंप घेऊन दाखवा. बारा वर्षं झाली म्हणजे येतच असेल असं धरू नका, दहा-दहा वर्षं पंप नुसता तोंडात मारून घेणारे लोक रोज बघतो मी.

प्रश्न: आईला (वय ६६, गाव कराडजवळ) आयएलडी (फुफ्फुसाची जाळी होण्याचे आजार) निघालाय. आयुष्यभर चूल. एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचा बारकाईचा सीटी, झालाय, डीएलसीओ ४८ टक्के. झेनॉनने आजार वाढतोय का ते लवकर कळेल असं नेटवर वाचलं.

उत्तर: वाचलंत ते बरोबर दिशेचं आहे. फुफ्फुसाची जाळी होते तेव्हा तो मधला पडदा जाड होतो, मग झेनॉन पडद्यात जास्त आणि तांबड्या पेशींत कमी सापडतो, ही खूण या आजारांत चांगली दिसते आणि औषध लागू पडतंय का हे बघायला तिचा उपयोग व्हावा म्हणून काम चालू आहे. पण आईंच्या उपचाराचा निर्णय आज एचआरसीटी, डीएलसीओ, फुंकायचा आकडा दर काही महिन्यांनी आणि चालण्याची टेस्ट यांवरच व्हायचा आहे आणि ते सगळं तुम्हाला मिळू शकतं.

चुलीचं लिहिलंत, पण कबुतरं? कूलर? घरात ओल, बुरशी? २०१७ मध्ये छापून आलेल्या भारताच्या आयएलडी रजिस्ट्रीत, म्हणजे पेशंटच्या नोंदवहीत, १०८४ पेशंट होते आणि त्यात जवळपास निम्मे हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिसचे, म्हणजे श्वासातून गेलेल्या अशा गोष्टींच्या अ‍ॅलर्जीने फुफ्फुस सुजण्याचे, निघाले, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर. आईंच्या डॉक्टरांना हे सगळं स्वतःहून सांगा. कारण सापडलं आणि ते घरातून गेलं तर औषधाचं कामही सोपं होतं.

प्रश्न: सर मी नाशिकला एका डायग्नोस्टिक सेंटरला एमआरआय टेक्निशियन आहे. आमच्याकडे १.५ टेस्ला मशीन आहे. झेनॉनचा सिलिंडर मागवला तर आपण नाही का करू शकत? आणि हीलियमवर पण होतं असं ऐकलंय, ते खरं का?

उत्तर: उत्साह आवडला! पण नाही. तुमचं मशीन हायड्रोजनला ट्यून केलेलं आहे, १.५ टेस्लाला ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास. झेनॉन-१२९ तिथेच १७.७ मेगाहर्ट्झला बोलतो. म्हणजे मल्टिन्यूक्लियर पॅकेज (हायड्रोजनशिवाय इतर केंद्रकांचाही सिग्नल ऐकायची सोय) असलेला स्कॅनर, वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, वेगळी छातीची कॉइल. त्यावर तो लेझरवाला पोलरायझर, आणि तो स्कॅनरपासून जवळ, कारण गॅसची ताकद उतरत असते. नुसत्या सिलिंडरच्या झेनॉनने तुम्हाला काळाच फोटो मिळेल. आणि पेशंटच्या फुफ्फुसात जाणारा गॅस हे औषध आहे, त्याचं लायसन लागतं, हे तर आलंच.

हीलियमचं खरं आहे, फक्त ते फुग्यातलं किंवा तुमच्या मॅग्नेटच्या थंडाव्यातलं नाही, हीलियम-३. सुरुवात १९९४ ला झेनॉननेच झाली होती, उंदराच्या काढलेल्या फुफ्फुसावर, पण माणसांवर काम सुरू झालं तेव्हा हीलियम-३ पुढे गेला कारण त्याचा सिग्नल दणदणीत. अडचण पुरवठ्याची. हीलियम-३ मिळतो ट्रिटियमच्या, म्हणजे रेडिओअ‍ॅक्टिव्ह हायड्रोजनच्या क्षयातून आणि ट्रिटियम बनवलं जायचं अणुबॉम्बसाठी. बॉम्ब कमी झाले तसा साठा आटला, त्यात २००१ नंतर अमेरिकेने बंदरांवर, सीमांवर न्यूट्रॉन पकडायची यंत्रं बसवली, तीही याच गॅसवर चालणारी. २००९ च्या सुमारास लॅबना गॅस मिळेना. सगळे झेनॉनकडे परतले, जो हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या मोठ्या प्लँटमध्ये जोडीला निघतो, आणि हीलियम रक्तात विरघळत नसल्याने जी दुसरी पायरी आधी दिसतच नव्हती ती झेनॉनमुळे हातात आली. तुटवडा झाला नसता तर हे इतक्या लवकर घडलं असतं का, मला शंका आहे.

तुमच्या मशीनवर करता येईल असं काही हवं असेल तर ऑक्सिजन-एन्हान्स्ड एमआरआय आणि हानोव्हरच्या गटाने पुढे नेलेलं प्रीफुल याबद्दल वाचा. पहिल्यात पेशंटला शंभर टक्के ऑक्सिजन देऊन फरक बघतात, दुसऱ्यात गॅसच नाही, पेशंट नेहमीसारखा श्वास घेत राहतो आणि सिग्नलच्या चढउतारावरून हवा आणि रक्त दोन्हीचे नकाशे काढतात. दोन्ही साध्या हायड्रोजनवर. तुमच्या रेडिऑलॉजिस्टना दाखवा, मला वाटतं आपल्याकडे रिसर्चला पहिली पायरी म्हणून हेच जास्त परवडेल.

प्रश्न: माझा व्हीक्यू स्कॅन (फुफ्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा) झालाय, तोच हा का?

उत्तर: नाही. त्यात रेडिओअ‍ॅक्टिव्ह पदार्थ असतो, रेडिएशन थोडं पण असतं, आणि तो मुख्यतः फुफ्फुसात गुठळी आहे का ते बघायला करतात.

प्रश्न: म्हापशाहून. वडील ७४ वर्षांचे, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार). फुंकायच्या टेस्टला बसवलं की खोकल्याची उबळ येते, तीन वेळा अर्धवट सोडली. नुसता श्वास धरायची टेस्ट त्यांना बरी पडली असती.

उत्तर: पडली असतीही, कदाचित. पण त्यांच्यासाठी एक सोय जवळच आहे, ऑसिलोमेट्री, काही जण आयओएस म्हणतात. नाकाला क्लिप लावून, गाल हाताने धरून अर्धा मिनिट नेहमीसारखा श्वास घ्यायचा, जोरात फुंकायचं काहीच नाही. पणजीत किंवा मडगावात छातीच्या डॉक्टरांकडे चौकशी करा, फोन करूनच जा, आणि आदल्या रात्रीपासून पंप बंद ठेवायचा की चालू ते अपॉइंटमेंट घेतानाच विचारून ठेवा.